शिक्षिका किंवा दुकानदार ते विरोधी पक्षनेत्या : पुणे महापालिकेची वाट

नगरसेविकेची निवडणूक लढवायची तर वय 21 पूर्ण आणि नाव शहराच्या मतदार यादीत, एवढं आधी तपासा. स्वतः कोणत्याही प्रभागातल्या असलात तरी सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवणारा मतदार) मात्र लढायच्या त्याच प्रभागातला लागतो.

महापालिका शाळेत नोकरी असेल तर नुसता राजीनामा देऊन भागत नाही. तो मंजूर झाल्याचं पत्र अर्जाआधी हातात हवं. व्यवसायवाल्यांची गोची वेगळीच: महापालिकेला गणवेश, छपाई, खाऊ असं काही पुरवण्याच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा असला की अपात्रता. बिल थकलंय, काम संपलंय, या सबबी छाननीच्या टेबलावर सांगत बसण्यापेक्षा आधीच वकिलाला कागद दाखवा. राखीव जागेसाठी जात पडताळणीला तर महिने आधी लागा.

महिलांना निम्म्या जागा आहेत, पण प्रभाग बहुसदस्यीय, म्हणजे एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक निवडायचे. 2017 मध्ये 41 प्रभागांत 162 जागा होत्या. एकटीची ओळख सदाशिव पेठेतल्या चार वाड्यांपुरती असेल तर पॅनेल, म्हणजे प्रभागातले पक्षाचे सगळे उमेदवार, बुडतं.

निवडून आल्यावर खरी कसोटी. विरोधी पक्षनेतेपद सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या गटनेत्याकडे जातं, म्हणून आधी स्वतःच्या गटात वजन हवं. भाषणापेक्षा अंदाजपत्रक वाचा. वह्या तपासलेल्या बाईंना आणि खतावणी सांभाळलेल्या बाईंना हे जमतंच. तरतूद किती, खर्च किती, वर्गीकरणाने (एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाला देऊन) पैसे कुठे वळवले? माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराची मुदत 30 दिवस. प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघमच येतं. कामाचं नाव, प्रभाग आणि आर्थिक वर्ष लिहा.