कोजागरीला जगाचा कारभारी कसा निवडावा

कोजागरीला दूध आटेपर्यंत बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर, एक खेळ चालतो. इतिहासातलं कुणीही उठवायचं आणि अख्ख्या जगाचा कारभार त्याच्या हाती द्यायचा. दहा-बारा माणसं, चिठ्ठ्या, बिस्किटांचा रिकामा डबा आणि दोनेक तास एवढं पुरतं. नियम न ठरवता बसलात तर पंधरा मिनिटांत जुंपते. आमची दोन वर्षं जुंपली, मग ही रीत बसली.

आधी पद ठरवा, माणूस नंतर. ‘राजा’ म्हटलं की लोक तलवारवाले सुचवतात, ‘सरचिटणीस’ म्हटलं की कुणालाच उत्साह राहत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसाकडे ना स्वतःचं सैन्य, ना कर बसवायचा अधिकार. पहिले सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी १९५३ साली आपल्या जागी आलेल्या हॅमरशोल्ड यांचं स्वागत करताना हे जगातलं सर्वांत अशक्य काम असल्याचं सांगून टाकलं होतं. आम्ही मधला मार्ग काढलाय: पाच वर्षं, एकच मुदत, सैन्य नाही, पण पाणी, धान्य आणि सरहद्दीचे तंटे यांत शब्द शेवटचा. तुमचं वेगळं असेल, फक्त लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवा. अकरा वाजता कुणीतरी ‘पण त्याला अधिकार किती?’ विचारणारच.

मग नावं. प्रत्येकाची एक चिठ्ठी. माणूस जाऊन पन्नास वर्षं झालेली हवीत, नाहीतर टीव्हीवरची भांडणं गच्चीवर येतात. दुसरी अट जरा विचित्र वाटेल: ज्याच्याविरुद्ध बोलायला गच्चीवर एकही जण तयार नाही, तो उमेदवार होऊ शकत नाही. शिवाजी महाराजांचं नाव पहिल्याच मिनिटाला येतं, एकमताने मंजूर होतं आणि खेळ आटोपतो. म्हणून महाराजांसाठी आम्ही मधोमध पाट मांडतो. ते अध्यक्ष, उमेदवार नव्हेत.

आता खरं काम. चिठ्ठी टाकणाऱ्याने तीन मिनिटं उमेदवाराची बाजू मांडायची. त्याच्या डावीकडचा फिर्यादी. फिर्यादीने टीका करायची नाही. त्या उमेदवाराच्या अमलाखाली राहिलेला, पण त्याच्या मर्जीतला नसलेला कुणीतरी व्हायचं आणि ‘माझं असं झालं’ म्हणून सांगायचं. आपल्या माणसांशी कोण वाईट वागतं? जगाच्या कारभाऱ्याला तर बहुतेक सगळी परकीच भेटणार.

अशोकाची चिठ्ठी दरवर्षी निघते. बाजू मांडणारा तेरावा शिलालेख काढतो: कलिंगच्या युद्धात एक लाख मारले गेले, दीड लाख लोकांना तिथून नेलं गेलं आणि त्याचा राजाला पश्चात्ताप झाला. जिंकून पस्तावणारा राजा शोधून सापडायचा नाही, हे खरंच. गेल्या खेपेला फिर्यादी माझी भाची होती, अकरावीतली. ती म्हणाली, “मी कलिंगची. महाराजांनी तो लेख आपल्या गिरनारच्या पायथ्याला कोरवला. आमच्या धौलीला आणि जौगडला का नाही?” आणि ते तसंच आहे. कलिंगातल्या या दोन्ही जागी तेरावा लेख गाळून वेगळेच आदेश कोरलेत. शिवाय नेलेल्या दीड लाखांना परत सोडल्याचा शब्द तेराव्या लेखातही नाही. माफी मागितली, पण ज्यांची मागायची त्यांच्या दारात नाही. अशोकाची दोन मतं तिथेच गळाली.

अहिल्याबाई इंदूरच्या मावशीमुळे येतात. काशी, सोमनाथ, रामेश्वर, म्हणजे आपल्या राज्याबाहेरही त्यांनी खर्च केला, हे वजन मोठं आहे.

घरच्या उमेदवाराला मात्र सवलत देऊ नका. आमचे सयाजीराव. मालेगावजवळच्या कवळाण्याचा मुलगा, १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक येतो काय, १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करतो काय! १९१० नंतर गावोगाव वाचनालयं निघाली. काळा घोडा चौकातल्या त्यांच्या पुतळ्यासमोरून जाताना आमचा हात आपोआप छातीला जातो. त्यांचा फिर्यादी कोण होणार? भीमराव आंबेडकर. महाराजांनीच १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलेला विद्यार्थी १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीवर आला, तर शहरात कुणी घर देईना. पारशी नाव घेऊन पारशी सराईत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दाराशी आले. रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ कमाठी बागेत बसून काढला. कचेरीत शिपाई फाईल हातात न देता टेबलावर फेकत, ते वेगळंच. हुकूम महाराजांचा चालत होता. शिपायाच्या हातापर्यंत तो पोचला नव्हता. जगाचा कारभारी नेमायचा तर त्याचा हुकूम कुठवर पोचतो, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी पुढे सरकू देऊ नका.

खुर्ची सोडताना माणूस कसा वागला, तेही झटपट विचारून घ्या. सिन्सिनॅटस हा रोमन शेतकरी सर्वाधिकार मिळूनही सोळाव्या दिवशी शेतावर परतला, अशी परंपरा आहे. मार्कस ऑरेलियसच्या आधीच्या सम्राटांनी दत्तक घेऊन वारस निवडले, याने पोटच्या कॉमोडसला गादी दिली आणि रोमने ते भोगलं. दत्तकाचा महिमा बडोदेकरांना वेगळा सांगायला नको!

मतदान संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीसारखं करा. तिथे सरचिटणीस निवडताना चाचणी मतदानात प्रत्येक नावापुढे तीनच पर्याय असतात: पाठिंबा, विरोध, मत नाही. २०१६ साली गुटेरेस यांना सहाव्या फेरीत तेरा पाठिंबे मिळाले, विरोध एकही नाही. सर्वांत जास्त पाठिंबे कुणाला यापेक्षा सर्वांत कमी विरोध कुणाला, हे मोजा. फिर्याद नीट झाली असेल तर लोकप्रिय नावं इथे आपटतात.

गेल्या कोजागरीला शेवटची चिठ्ठी निघाली ती बाबासाहेबांची. टाकली होती मामींनी. सयाजीरावांच्या फिर्यादी त्याच होत्या. कुणी म्हणालं, त्यांनी राज्य कुठे केलं? मामी म्हणाल्या, “मसुदा समिती चालवली ना? आणि हिंदू कोड बिल अडलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद स्वतः सोडलं. खुर्चीचा प्रश्न तुम्हीच काढलात.” डावीकडे बसलेल्या शेजारच्या गुजराती काकींनी फिर्याद घ्यायला हात जोडून नकार दिला. त्यांच्या डावीकडच्यानेही. चिठ्ठी गच्चीभर फिरून मामींकडे परत आली. नियमाप्रमाणे बाबासाहेब बाद, आणि नियम बदलायचा तर मग पाटावरच्या महाराजांचं काय, यावर पावणेदोन वाजले. चिठ्ठी डब्यातच आहे. यंदा खेळ तिच्यापासून सुरू होईल.