मेटॅलिक अ‍ॅक्रेलिक वापरताय? आधी खालचा रंग ठरवा

मेटॅलिक अ‍ॅक्रेलिकची बाटली पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी काय केलं, तर पांढऱ्या फोटोफ्रेमवर डायरेक्ट सोनेरी रंग फासला. एक हात दिला, पांढरं दिसतंय, दुसरा दिला, तरी दिसतंय, चौथ्या हाताला फ्रेम झाकली गेली एकदाची, पण सोनं कुठलं, पिवळट साबणाची वडी वाटत होती.

कारण साधं आहे. बऱ्याचशा मेटॅलिक रंगांत खरा धातू नसतोच, अभ्रकाचे अगदी बारीक पापुद्रे असतात, त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइड नाहीतर आयर्न ऑक्साइडचा थर चढवलेला असतो आणि त्यावर उजेड पडला की ते चमकतात. म्हणजे रंग अर्धपारदर्शक, खालचं वर डोकावणारच. म्हणून आधी साध्या मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, अ‍ॅक्रेलिकचा बेस द्या. सोनेरीखाली विटकरी किंवा गेरूसारखा (सोन्याचा वर्ख चढवणारे कारागीरसुद्धा खाली तांबूस मातीचा थर देतात, ते उगाच नाही), चंदेरीखाली राखाडी, कॉपरखाली चॉकलेटी. काही सुचलं नाही तर काळा, त्यावर सगळेच मेटॅलिक खुलतात, फक्त जरा जुनाट दिसतात आणि मला तर तेच आवडतं.

बाटली जोरजोरात हलवू नका, बुडबुडे होतात. तळाशी चमक साचलेली असते ती काडीने खालपासून ढवळून घ्या. पाणी जपून, दोनचार थेंब ठीक, जास्त झालं तर चमक एकीकडे आणि पाणी एकीकडे.

ब्रश मऊ आणि चपटा हवा, कडक केसांच्या ब्रशचे फराटे मेटॅलिकमध्ये लपत नाहीत, उलट उठून दिसतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने न्यायचा आणि सोडून द्यायचा. अर्धवट सुकलेल्या रंगावर 'इथे जरा राहिलंय' म्हणून परत ब्रश फिरवला की संपलं, तिथले पापुद्रे वेगळ्या दिशेला वळतात आणि तो डाग कायमचा वेगळा चमकतो. राहिलं तर राहू दे, पुढच्या हातात झाकलं जातं. पातळ दोनतीन हात पुरतात, मध्ये नीट सुकू द्या.

आता माझी लाडकी गोष्ट, ड्राय ब्रश. कोरीवकाम असलेली जुनी फ्रेम काळी करून पूर्ण सुकवा. मग कोरड्या ब्रशच्या टोकाला किंचित सोनेरी लावा आणि तो रंग कागदावर पुसून टाका, पुसून म्हणजे खरंच पुसून, ब्रशमध्ये काही उरलंच नाही असं वाटेपर्यंत. आता नक्षीवरून हलकेच फिरवा, धूळ झटकल्यासारखा. उंच कडा सोनेरी होतात, खाचा काळ्याच राहतात आणि ती फ्रेम एकदम पितळेची वाटायला लागते. रंग लागतो जेमतेम चमचाभर.

काच, प्लास्टिक, धातू असेल तर आधी धुवून, 220 नंबरच्या सॅण्डपेपरने हलकं घासून (काच सोडून) त्याला चालणारा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) लावा, नाहीतर नखाने पोपडे निघतात. मातीच्या कुंडीत गंमत वेगळी, पाणी आतून झिरपतं आणि बाहेरचा रंग फुगतो, त्यामुळे सीलर, म्हणजे पाणी अडवणारा थर, आतूनही मारायचा.

शेवटी वरून मारायचं वॉर्निश ग्लॉस, म्हणजे चकचकीत, घ्या. मॅट मारलं तर चमक मरते, एवढ्या मेहनतीवर पाणी. मेणबत्तीच्या ज्योतीजवळ येणाऱ्या भागाला हा रंग नको, अ‍ॅक्रेलिक उष्णतेने मऊ पडतं. कपाच्या काठाला आणि ताटाच्या आतल्या बाजूलाही नको, ते खाण्यापिण्यासाठी नाहीये.

आणि मेटॅलिकचा ब्रश धुवायचं पाणी वेगळं ठेवा बरं का. मी एकदा त्याच पाण्यात पांढऱ्याचा ब्रश बुडवला, पुढच्या चित्रातले सगळे ढग चंदेरी.