स्क्वेअर, आडवा की पॅनोरमा? क्लिक करायच्या आधी हे बघा

आज्जीच्या पंच्याहत्तरीचा ग्रुप फोटो ४×६ इंचात प्रिंट करून आणला तर काय, वर मामाच्या फेट्याचा तुरा उडालेला आणि खाली पुढच्या रांगेतल्या पोरांचे पाय गायब. स्टुडिओवाल्याशी भांडून आलो आणि घरी येऊन कळलं चूक माझीच होती. फोनचा फोटो ४:३ (रुंदीला उंची), ४×६ ची प्रिंट ३:२, म्हणजे कागद पूर्ण भरायचा तर उंचीचा नववा भाग कापला जाणारच. तेव्हापासून ग्रुप फोटोत वर-खाली मोकळी जागा सोडतो.

स्क्वेअर कधी? ज्या गोष्टीला डावं-उजवं नाही तिथे. रांगोळी, जेवणाचं ताट, वाड्याचा चौक, जवळून घेतलेला चेहरा. विषय बिनधास्त मधोमध ठेवा, विषय मधोमध न ठेवता चौकटीच्या एक-तृतीयांशावर ठेवायचा तो नियम इथे विसरलात तरी चालतं. पण चालणारा माणूस स्क्वेअरमध्ये कोंडल्यासारखा दिसतो, त्याला पुढे जायला जागाच उरत नाही. आणि हो, फोनमधलं १:१ म्हणजे बहुतेक वेळा नुसती कापाकापी असते, ४०००×३००० चा फोटो ३०००×३००० होतो, १२ मेगापिक्सेलचे ९. म्हणून फोटो पूर्णच काढा आणि नंतर कापा, फक्त चौकट आधी डोक्यात पक्की हवी. नवीन असाल तर आठवडाभर १:१ चालू ठेवून फिरा, नजर बसते.

आयताचं सोपंय, विषय ज्या दिशेला धावतो तसा कॅमेरा धरायचा. जेजुरीची दीपमाळ उभी, वारीतली दिंडी आडवी. ३:२ हे माप ३५ एमएम फिल्मच्या २४×३६ मिलीमीटर फ्रेममधून आलंय, आडव्याला झकास, पण उभं धरलं की मला जरा लंबूटांग वाटतं, उभ्या पोर्ट्रेटला मी सरळ ४:५ करतो.

पॅनोरमात लोक सगळ्यात जास्त माती खातात. हरिश्चंद्रगडावर कोकणकडा एका फ्रेममध्ये मावत नाही म्हणून फोन आडवा धरून भराभर फिरवतात आणि हाती येते बारीकशी पट्टी. फोन उभा धरा, उंची जास्त मिळते. कोपरं अंगाला चिकटवा, हात लांब करून फिरवू नका, फोन जागच्या जागी वळला पाहिजे नाहीतर फोन तुकडे जोडून पॅनोरमा बनवतो त्या जोडावर जवळचे दगड आणि रेलिंग तुटतात. कडा पश्चिमेकडे बघतो, संध्याकाळी सूर्य समोरच, तेव्हा आधी उजळ आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) लॉक करा मग फिरवा. मधे कोणी चालत आलं तर त्याचे दोन तुकडे होतात, आमच्या एका ट्रेकमधल्या कुत्र्याला सहा पाय आलेत. आणि दोन्ही टोकांना बघण्यासारखं काही नसेल तर पॅनोरमा काढूच नका, साधा आडवा पुरे.

प्रिंटचं म्हणाल तर लग्नाच्या अल्बमचं १२×३६ इंचाचं पान बरोब्बर ३:१ असतं, पॅनोरमा तिथे मस्त बसतो, फक्त मधल्या घडीवर कुणाचं नाक येऊ देऊ नका.