कॅज्युअल्टीत रुजू होताना: स्वतःच्या पायांनी आलेल्या रुग्णाविषयी

कॅज्युअल्टीत, म्हणजे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, नव्या डॉक्टरची ड्यूटी लागली की रुग्ण कसा आला यावरून त्याची अवस्था ठरवण्याची सवय पहिल्या आठवड्यातच जडते. १०८ मधून स्ट्रेचरवर आलेल्याकडे सगळे धावतात आणि मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आलेला माणूस केस पेपरच्या रांगेत उभा राहतो. ही सवय मोडा. तिच्यापायी माझ्या हातून एक माणूस जाता जाता वाचला.

मे महिन्यातील दुपार होती, नागपूरचा पारा ४५ अंशांवर होता आणि आम्ही सगळे उष्माघाताच्या रुग्णांना थंड करण्यात गुंतलो होतो. पन्नाशीचे एक काका चालत आले आणि म्हणाले, "काल रात्री सावजी जेवलो, तेव्हापासून जळजळ होऊन राहिली." मला तेवढे पुरले. मी पॅन्टोप्रॅझोलचे, म्हणजे पोटातील आम्ल कमी करणारे, इंजेक्शन लिहिले आणि थोडे बरे वाटते असे ते म्हणताच निश्चिंत झालो. त्यांच्या हातातील केस पेपर घामाने भिजून शाई पसरली होती, हे मला दिसले होते. पण त्या दुपारी घाम कोणाला नव्हता? चाळीस मिनिटांनी नाडी पाहण्यासाठी सिस्टरांनी त्यांचे मनगट धरले, तेव्हा ते गार लागले. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा झटका स्पष्ट होता.

हृदयाचा हा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो, म्हणून त्याचे दुखणे पोटाच्या वरच्या भागात, मळमळ किंवा उलटी होऊन प्रकटू शकते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीतील कळ अनेकदा नसतेच. अँटासिडने आराम पडला म्हणजे हृदय निर्धोक ठरत नाही. उन्हाने घामेजलेल्या माणसाचे अंग बहुधा गरम लागते, झटक्याच्या घामात ते गार आणि चिकट असते, म्हणून हात लावून पाहा. जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखत असलेल्या प्रौढ रुग्णाचा ईसीजी तो आल्यापासून १० मिनिटांत काढा. तो साधा आला आणि दुखणे चालूच राहिले, तर पुन्हा काढा, केवळ रक्ततपासणीवर विसंबू नका, कारण हृदयाला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही सुरुवातीच्या तासांत वाढलेले नसू शकते.

दारातूनच निदान करणाऱ्या सीनियरांची नक्कल करू नका. वर्षानुवर्षे कॅज्युअल्टी सांभाळलेल्या सिस्टर मला त्यांच्यापेक्षा भरवशाच्या गुरू वाटतात.

रात्री अकराला साधा खोकला घेऊन येणाऱ्यावर चिडू नका. दिवसा ओपीडीत बसला तर त्याची रोजी बुडते. गडचिरोली किंवा बालाघाटहून रेफर होऊन आलेल्याची चिठ्ठी मात्र आधी वाचा, नाही तर तिकडे दिलेल्या औषधाचा डोस तुम्ही पुन्हा द्याल.

पहिल्या महिन्यात हात सगळ्यांचेच थरथरतात, त्याने खचू नका. ईसीजी उमगला नाही तर पहाटे तीनलाही सीनियरना उठवा. त्या दुपारनंतरच्या महिन्यात मी सात वेळा उठवले. त्यांपैकी पाच ईसीजी साधे निघाले आणि मला कोणीही रागावले नाही.