परसबागेतील लाल भोपळा आणि कोथिंबीर : या चुका टाळा

वेलाला फुले येतात आणि गळून जातात, ही तक्रार मराठवाड्यातील परसबागांतून दर पावसाळ्यात ऐकू येते, आणि त्यावर घाईने केला जाणारा उपायच बहुधा सर्वांत घातक ठरतो. लाल भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. सुरुवातीला बहुतेक नर फुलेच लागतात आणि उमलून गळतात. हा रोग नव्हे. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच दिसतो, त्यावरून ते ओळखावे. लातूरमधील आमच्या एका शेजाऱ्यांनी ही गळ पाहून ऐन सकाळी, फुले उघडी असताना, वेलावर कीटकनाशक फवारले. त्यानंतर मादी फुले आली, परंतु वेलाकडे मधमाश्या फिरकेनाशा झाल्या आणि लागलेली कोवळी फळे पिवळी पडून कुजू लागली. मी त्यांना पहाटे बोलावले, ताजे नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढल्या आणि त्यातील पराग उमललेल्या मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवून दाखवला. आठवडाभरातच त्या फुलांमागची फळे फुगू लागली. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते, म्हणून हे काम सकाळी लवकर उरकावे. फवारणी अगदीच अटळ असेल तर ती सूर्यास्तानंतर करावी.

पाण्याचा अतिरेक ही दुसरी चूक. आपली काळी जमीन वर भेगाळली तरी खाली ओल धरून असते. भर दुपारी पाने मलूल झाली की लोक लगेच आळे भरतात. ती पाने संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील, तर वेल तहानलेला नाही. मी बोटभर माती उकरून पाहिल्याशिवाय पाणी देत नाही, आणि आळेही बुंध्यापासून दूर करतो, कारण बुंध्याशी साचलेले पाणी मुळे कुजवते.

युरियाचा भरमसाट वापर टाळावा. त्याने पाने माजतात, फळे लागत नाहीत.

फळमाशीने डंख मारलेली फळे वेलाखाली पडू देऊ नयेत, खोल पुरावीत.

कोथिंबिरीसाठी अख्खे धने टाकू नयेत. ते हलके रगडून दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. उगवण्यास आठ-दहा दिवस सहज लागतात. चौथ्या दिवशी वाफा उकरून पाहणाऱ्यांच्या हाती काहीच लागत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ती लवकर फुलोऱ्यावर येते, म्हणून तेव्हा दुपारची सावली आवश्यक आहे. पुदिना मात्र स्वतंत्र कुंडीतच लावावा, अन्यथा त्याचे धुमारे सगळा वाफा व्यापतात.

भोपळा तोडण्याची घाई नको. साल नखाने टोचली जात नाही आणि देठ वाळू लागला आहे, याची खात्री झाल्यावर देठाचा तुकडा ठेवूनच तो कापावा. देठाविना तोडलेला भोपळा साठवणीत लवकर कुजतो.