जावातील खेड्यात जमीन कोणाची, हे कसे समजून घ्यावे

मध्य किंवा पूर्व जावातील एखाद्या भातशेतीच्या खेड्यात अभ्यासासाठी, कामासाठी किंवा सासरच्या नात्याने काही महिने राहण्याचा प्रसंग आला, तर "ही जमीन कोणाची?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात मनात येतो आणि त्याचे उत्तर माणसागणिक वेगळे मिळते. त्यात कोणी खोटे बोलत असते असे नाही. एकाच खाचराचा कागदावरचा धनी, प्रत्यक्ष कसणारा, गहाण घेऊन पीक उचलणारा आणि कर भरणारा अशी चार निरनिराळी माणसे असू शकतात. म्हणून मालकीचा एकच प्रश्न न विचारता हे चार प्रश्न वेगवेगळे आणि शक्यतो वेगवेगळ्या माणसांना विचारावेत.

त्याआधी स्वतःची नोंद करावी. पाहुण्याने चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी, अशी पाटी पुष्कळ वस्त्यांच्या तोंडाशी लावलेली आढळते. ही वर्दी 'एर-ते'च्या प्रमुखाकडे द्यायची असते. गाव म्हणजे देसा, त्यातील वाडी म्हणजे दुसुन आणि शेजारच्या काही घरांचा गट म्हणजे एर-ते. या गटांची मुळे दुसऱ्या महायुद्धातील जपानी अंमलापर्यंत जातात. जमिनीच्या कागदांसाठी मात्र गावप्रमुखापेक्षा चारिक, म्हणजे गावचा सचिव, अधिक उपयोगी पडतो. बोलताना वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक', स्त्रीला 'बू' आणि आजीआजोबांच्या वयाच्या व्यक्तीला 'म्बाह' म्हणावे. आपल्याकडे आदर दाखवताना सर्वनाम आणि क्रियापद बदलते. जावानीजमध्ये शब्दच बदलतो. 'जेवणे' याला बरोबरीच्या माणसाशी 'मांगान', नम्रपणे 'नेधा' आणि आदरणीय व्यक्तीच्या जेवण्याला 'धाहार' म्हणतात. चुकीच्या पायरीवरचा शब्द वापरण्यापेक्षा नवख्याने साधी इंडोनेशियन भाषा बोलावी, हे बरे.

यानंतर कोणा जाणत्या शेतकऱ्याबरोबर शिवार पायी फिरावे. पाण्याखालचे भातखाचर म्हणजे सावाह, जिराईत जमीन म्हणजे तेगालान आणि घराभोवतालचे परसू म्हणजे पेकारांगान. परसाला दुय्यम समजण्याची चूक नवखा माणूस हटकून करतो. नारळ, केळी, फणस, त्यांच्या सावलीत कंद आणि हळद, मध्येच कोंबड्यांचे खुराडे, असे ते दाट असते; ज्या घराकडे खाचराचा एकही तुकडा नाही, त्याचे पुष्कळसे पोट या परसावर भरते. खाचरांच्या बांधांवरून चालताना पाणी कोणत्या क्रमाने उतरते तेही पाहून ठेवावे, कारण पाण्याची पाळी सांभाळणारा 'उलु-उलु', म्हणजे आपला पाटकरी, कोण कुठले खाचर कसतो हे तोंडपाठ सांगू शकतो. क्षेत्रफळ विचारले तर उत्तर हेक्टरमध्ये मिळेलच असे नाही. जुनी माणसे 'बाऊ' आणि 'उबिन' या मापांत बोलतात: एक उबिन म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर आणि ५०० उबिनांचा एक बाऊ, म्हणजे सुमारे ०.७ हेक्टर.

फिरताना "हे बेंगकोक" असे कोणी म्हणाले, तर त्या तुकड्यासमोर वहीत खूण करावी. गावप्रमुखाला आणि इतर गावकामगारांना पगाराऐवजी किंवा पगाराच्या जोडीला कसायला दिलेली ही गावाची जमीन असते. आपल्या पाटीलकीच्या वतनाची आठवण होईल, पण मोठा फरक असा की ही जमीन वंशाकडे नव्हे तर पदाकडे जाते. पद सुटले की जमीनही सुटते. ती विकता येत नाही, मात्र पदावरचा माणूस ती दुसऱ्याला खंडाने देतो, आणि इथेच नवख्याचा घोटाळा होतो. योग्यकार्ता विशेष प्रदेशात आणखी एक पदर आहे: २०१२च्या १३ क्रमांकाच्या कायद्याने तेथील सुलतानशाहीला जमिनीची धारक म्हणून मान्यता दिलेली असल्यामुळे, घर पिढ्यान्‌पिढ्या एका कुटुंबाचे असले तरी त्याखालची जमीन सुलतानाची असू शकते.

आता कागद. चारिकच्या कपाटात 'लेतेर चे' नावाची जाड, कडा झिजलेली नोंदवही असते. तिचे एक पान नीट वाचता आले, तर निम्मे काम झाले असे समजावे. वर खातेदाराचे नाव आणि क्रमांक असतो. खाली तुकड्याचा क्रमांक, मग 'एस' किंवा 'डी' हे अक्षर, म्हणजे खाचर की कोरडी जमीन, त्यापुढे रोमन अंकात प्रत, नंतर क्षेत्र आणि कर. शेवटच्या रकान्यात बदलाचे कारण लिहिलेले असते: वारसा, विक्री, दान. जुने नाव खोडून वर वेगळ्या शाईने नवे लिहिलेले दिसले, तर त्या खोडण्याची तारीख आणि कारण आवर्जून टिपावे. मात्र हे पान म्हणजे मालकीचा पुरावा, असे मानू नये. ही वही जमीनकरासाठी तयार झाली. स्वभावाने ती सातबारापेक्षा आठ-अला जवळची आहे. मालकीचा खरा दस्त म्हणजे जमीन कार्यालयाने दिलेले 'हाक मिलिक'चे प्रमाणपत्र. हा हक्क १९६०च्या ५ क्रमांकाच्या मूलभूत जमीन कायद्यातून आलेला असून व्यक्तींपैकी तो फक्त इंडोनेशियन नागरिकालाच धारण करता येतो. परदेशी व्यक्तीकडे तो वारशाने किंवा विवाहातून आला, तर एका वर्षात सोडावा लागतो. कोणा स्थानिकाच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब राहावे. नागरिकालासुद्धा आपण राहतो त्या तालुक्याबाहेर शेतजमीन धारण करण्यास १९६१च्या नियमांनी मनाई केलेली आहे.

कसणाऱ्याचा प्रश्न बांधावरच विचारावा. निम्म्या वाट्याने कसण्याला 'मारो' म्हणतात, तिसऱ्या हिश्श्याच्या वाटणीला 'मर्तेलु'. त्यात मोठा वाटा कोणाचा, हे जमिनीचा कस आणि बी-खताचा खर्च कोणाकडे यावर ठरते. १९६०च्या २ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे असा करार गावप्रमुखासमोर लेखी व्हावा आणि तो खाचरासाठी किमान तीन, कोरड्या जमिनीसाठी किमान पाच वर्षे चालावा. पण पुष्कळ करार तोंडीच असतात, त्यामुळे कागद नाही म्हणून करारच नाही असा निष्कर्ष काढू नये. गहाणाबाबत तर हे अधिकच खरे आहे. पैसे घेऊन खाचर दुसऱ्याच्या हवाली करायचे आणि पैसे फेडेपर्यंत पीक त्याने घ्यायचे, अशी ही जुनी रीत आहे. सात वर्षे किंवा अधिक काळ चाललेले असे गहाण काहीही न देता परत करावे, असे १९६०चाच दुसरा एक कायदा सांगतो. तरीही गावात हा हक्क उघडपणे मागणारा विरळाच, कारण पैसे देणारा बहुधा भाऊबंद किंवा शेजारी असतो. कापणीच्या वेळी आणखी दोन शब्द कानावर येतील: मळणीच्या धान्यातून कापणाऱ्यांना मिळणारा वाटा म्हणजे 'बावोन' आणि उभे पीकच व्यापाऱ्याला एकठोक विकणे म्हणजे 'तेबासान'. तेबासान झाले असेल, तर त्या दिवशी खाचरात विळा घेऊन उभी असलेली माणसे व्यापाऱ्याची असतात, मालकाची नव्हे.

वारशाविषयी थेट विचारू नये. बोलणे आपोआप तिकडे वळू द्यावे. एक रीत 'सपिकुल सगेंदोंगान' म्हणून ओळखली जाते. पुरुष खांद्यावरच्या कावडीला दोन टोपल्या लावून ओझे नेतो आणि स्त्री पाठीशी एक टोपली बांधते, म्हणून मुलाला दोन वाटे व मुलीला एक. दुसऱ्या रीतीत कलिंगड चिरावे तसे सगळ्यांना सारखे वाटतात. पुष्कळ आईवडील हयातीतच खाचरे वाटून देतात आणि घर मात्र म्हातारपणी सांभाळणाऱ्या अपत्यासाठी ठेवतात, पण नाव बदलून घेण्याचे काम मागे राहते. आजोबा वारून तीस वर्षे झाली तरी लेतेर चेमध्ये त्यांचेच नाव दिसते, ते यामुळे.

नवे प्रमाणपत्र काढताना मोजणीच्या वेळी सीमेला लागून असलेल्या शेजाऱ्यांची संमती घेतली जाते. म्हणून शेजाऱ्याच्या कार्याला जाणे जमिनीच्या व्यवहारापासून फारसे वेगळे नाही. घर उभारताना सावड करावी लागते, कार्यघरी बायका स्वयंपाकाला जातात आणि निघताना आहेराचे पाकीट दिले जाते. ते कोणी किती दिले याची वही यजमान ठेवतो व तेवढीच परतफेड पुढे अपेक्षित असते, तेव्हा पाकिटावर आपले नाव आणि वाडी लिहायला विसरू नये.