मानव विकास निर्देशांक पाठ करू नका, एकदा स्वतः काढा

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत ही ओळ असते: 'मानव विकास निर्देशांक, १९३ देशांत भारत १३० वा.' मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी अभ्यासिकेत या मुलांसोबत बसते. माझा आग्रह एकच असतो. क्रमांक पाठ करण्याआधी हा आकडा एकदा स्वतःच्या हाताने काढा. भारताचं घोडं नेमकं कुठे अडलंय, ते तेव्हाच कळतं.

एवढंच आधी माहीत असू द्या: पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा पहिला मानव विकास अहवाल आणला, हा निर्देशांक त्यातलाच. देशाची प्रगती फक्त उत्पन्नावरून मोजू नये, माणूस किती जगतो आणि किती शिकतो हेही मोजावं, हा त्यांचा हट्ट होता. त्यांचे मित्र अमर्त्य सेन यांना सगळं एका आकड्यात कोंबणं सुरुवातीला पटलं नव्हतं, पण पुढे तेही या कामात उतरले.

आता फोन आडवा धरा, म्हणजे कॅल्क्युलेटरमध्ये लॉगचं बटण दिसेल. २०२५ च्या अहवालातले भारताचे आकडे घ्या. ते २०२३ सालचे आहेत. अहवालाचं वर्ष आणि आकड्यांचं वर्ष यांत गल्लत करू नका, परीक्षेत नेमकं तिथेच फसतात.

आयुर्मान ७२ वर्षे. किमान २० आणि कमाल ८५ धरतात. ७२ मधून २० वजा करा, ६५ ने (८५ वजा २०) भागा: ०.८००.

शिक्षणात दोन आकडे असतात. आज शाळेत जाणाऱ्या मुलाला किती वर्षे शिक्षण मिळेल अशी अपेक्षा आहे, ती १३. याला १८ ने भागा: ०.७२२. पंचविशी ओलांडलेल्या माणसांनी प्रत्यक्षात सरासरी किती वर्षे शाळा पाहिली, ती ६.९. याला १५ ने भागा: ०.४६०. दोन्हींची सरासरी ०.५९१.

दरडोई उत्पन्न, क्रयशक्तीच्या हिशेबाने (म्हणजे त्या पैशात आपल्या देशात प्रत्यक्ष किती विकत घेता येतं ते धरून), ९,०४७ डॉलर. किमान १००, कमाल ७५,०००. इथे सरळ वजाबाकी नाही, लॉग घ्यायचा. ९,०४७ ला १०० ने भागून त्याचा लॉग, भागिले ७५० चा लॉग: ०.६८०. लॉग का? हजार डॉलर कमावणाऱ्याला आणखी हजार मिळाले तर त्याचं आयुष्य पालटतं. पन्नास हजारवाल्याला फारसा फरक पडत नाही. पहिल्याचा निर्देशांक ०.१०५ ने वाढतो, दुसऱ्याचा जेमतेम ०.००३ ने.

शेवटी तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढा. उत्तर ०.६८५. अहवालात छापलेला आकडा हाच!

२०१० च्या अहवालाआधी इथे साधी सरासरी घेत. समजा एखाद्या देशाचे तीन आकडे ०.९, ०.९ आणि ०.३ आहेत. साध्या सरासरीने ०.७ येतात, घनमूळाने ०.६२४. म्हणजे एका बाजूची श्रीमंती दाखवून दुसऱ्या बाजूची आबाळ पूर्ण झाकता येत नाही. मला ही दुरुस्ती फार न्याय्य वाटते.

आता खरा अभ्यास. श्रीलंकेतल्या प्रौढांची सरासरी शालेय वर्षे १०.८ आहेत. भारताचे बाकी सगळे आकडे तसेच ठेवून ६.९ च्या जागी १०.८ घाला. निर्देशांक ०.७३२ होतो. ०.७०० पासून 'उच्च मानव विकास' गट सुरू होतो, म्हणजे आपण त्यात गेलो. आता उलट करा: शिक्षण तसंच ठेवा आणि उत्पन्न श्रीलंकेइतकं, १२,६१६ डॉलर धरा. येतात ०.७०२, म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडतो. आपली सगळ्यांत खोल जखम पैशाची नसून शिक्षणाची आहे, हे आपल्याच हाताने सिद्ध झालं.

आणि ती लवकर भरणारी नाही. आज सहाव्या वर्षी पहिलीत बसलेली मुलगी या ६.९ च्या हिशेबात यायला १९ वर्षे जातील. त्या आकड्यात आज आहेत त्या धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा सुटलेल्या बायका, लहानपणी ऊसतोडीला आईबापांसोबत गेलेली आणि परत वर्गात न बसलेली माणसं. १३ आणि ६.९ यांतलं अंतर म्हणजे दोन पिढ्यांमधलं अंतर. त्यात आशाही आहे, पण आजची मुलं तेरा वर्षे शाळेत टिकली तरच.

देशातली विषमताही हिशेबात धरली की भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी घसरून ०.४७५ वर येतो. मुलाखतीत क्रमांक विचारला तर हाही आकडा सोबत सांगा.

सरावाला बांगलादेश घ्या: आयुर्मान ७४.७, अपेक्षित शालेय वर्षे १२.३, सरासरी शालेय वर्षे ६.८, उत्पन्न ८,४९८ डॉलर. तुमचं उत्तर भारताच्या अगदी जवळ येईल. अहवालात क्रमांकही तोच, १३० वा. उत्पन्नात आणि शिक्षणात मागे असूनही त्यांनी आपल्याला कशाच्या बळावर गाठलं, ते चार ओळींत लिहून काढा.